सहावा पुतळा

दुसऱ्या मजल्यावरच्या बैठकीच्या खोलीत टेबलं भिंतीला लावून जमिनीवर निळी ताडपत्री अंथरली होती, आणि तिच्यावर सहा पुतळे उताणे ठेवले होते. सहाही पुतळ्यांना कमरेखाली काही नव्हतं. हात नव्हते. पाचांची छाती उघडी, एकसारखी, फिकट गुलाबी रबराची. सहाव्याला ब्रेसियर घातलेली होती. पांढरी, साधी, पुढे एक छोटीशी बो. ताडपत्रीच्या कडेला चपलांचे एकोणीस जोड होते. त्यांतला एक अग्निशमन दलातून आलेल्या बाईंचा, म्हणजे कारखान्यातली माणसं अठरा. बंद पडलेल्या हृदयाला झटका देणारी सरावाची शॉकयंत्रं तीन, कात्र्या तीन, खुर्ची एक. ओगिसो चिसातोने हे सगळं दारातच मोजून घेतलं. लॅबमध्ये दिवसभर मिसोतलं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्यातलं, मीठ आणि पाणी मोजणाऱ्या माणसाला ती सवय लागतेच. शिवाय मोजत असताना कुणाच्या तोंडाकडे पाहावं लागत नाही.

खुर्ची तिच्यासाठी होती. तिच्यावर कुणीतरी उशीही ठेवली होती. बाकीचे सगळे ताडपत्रीवर पाय दुमडून बसले होते आणि ती एकटी वर, शाळेतल्या पाहुण्यांसारखी. विभागप्रमुख ओताकी तिच्यापाशी येऊन हळूच म्हणाले की तुम्ही नुसतं बसून पाहिलंत तरी चालेल, दगदग नको. ती हो म्हणाली. सूचनाफलकावर या प्रथमोपचाराच्या वर्गाचं कारण ‘सर्वांच्या सुरक्षिततेसाठी’ असं लिहिलं होतं. तिचं नाव कुठेच नव्हतं, आणि म्हणूनच ते प्रत्येकाला तिथे वाचता येत होतं. शेवटच्या ओळीत खिडकीपाशी मोमोसे बसला होता. विक्रीखात्यातला, चौतीस वर्षांचा, बोलताना वाक्याची शेपटी गिळणारा माणूस. त्याच्या डाव्या बाजूला भिंत होती आणि उजव्या बाजूला अजून एक माणूस सहज बसला असता एवढी जागा मोकळी होती.

अग्निशमन दलाच्या आकाहानेबाईंचा आवाज घोगरा होता आणि मनगटं जाड. त्यांनी सहाव्या पुतळ्याच्या कपाळावर टिचकी मारली आणि म्हणाल्या, ही आमची मासाए, हिच्यापुढे लाजू नका, ती कुणापुढे लाजत नाही. पुढच्या ओळीतले पुरुष हसले. ते हसू मध्येच कुठेतरी चिसातोच्या खुर्चीशी येऊन थांबलं आणि विरलं. तिने मांडीवर हात ठेवले. डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली आता हृदय थांबलं तर आतून झटका देणारं एक यंत्र बसवलेलं होतं, काड्यापेटीपेक्षा थोडं मोठं. त्वचेखालून त्याची कड बोटाला लागते. ते कधी काम करील ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. करू नये अशीच अपेक्षा असते.

त्या सकाळचं तिला जे आठवतं ते असं: एप्रिल, अंगणात चेरीची फुलं अर्धी गळलेली, रेडिओवरची कवायत संपून सगळे ओळीत उभे. त्या दिवशी एक मिनिट बोलायची पाळी तिची होती. नमुन्याच्या बरण्यांची झाकणं नीट न लावल्याने पाण्याचा आकडा कसा चुकतो, हे ती सांगत होती, आणि ‘म्हणून कृपया’ असं म्हणाली. त्यानंतर दवाखान्याचं छत. मधे काही नाही. अंधारही नाही, अंधार असता तर काहीतरी असतं. आलेखाच्या कागदावर सुई टेकलेलीच नसावी तसं. त्या रिकाम्या जागेत जे घडलं ते तिने इतरांकडून गोळा केलं, आणि ज्यांच्याकडून गोळा केलं त्यांनीही ते पाहिलेलं नव्हतं. ती कोसळल्यावर ओळ मोडायची की नाही ते पहिले काही क्षण कुणाला समजेना. बोलणाऱ्याचं बोलणं संपलेलं नव्हतं. मोमोसे त्या दिवशी उशिरा आला होता आणि ओळीत शिरायला लाजून सायकलींच्या छपराखाली उभा होता. तो ओळीबाहेर होता म्हणून धावला. मग लॅबमधल्या कामिजोसान आणि तिथल्या, पॅकिंगमधल्या इतर बायकांनी आपापले पांढरे डगले काढले, हात पसरून ते धरले, आणि तिच्याभोवती गोल करून उभ्या राहिल्या. तोंडं बाहेर, पाठी आत. कुणी पाहू नये म्हणून. आत कपडे कापून शॉकयंत्र लावणारा, छाती दाबणारा मोमोसे एकटा होता. चिसातोच्या हिशेबाने त्या वेळी अंगणात चाळीस-एक माणसं होती, आणि जे झालं ते पाहणारा एकच. पण पुढे पाठ करून उभ्या राहिलेल्यांनाच सगळ्यांत जास्त दिसलेलं निघालं.

कामिजोसान तिला दवाखान्यात भेटायला आल्या तेव्हा सफरचंद सोलत बसल्या होत्या. साल एका लांब पट्टीत उतरवत, मान वर न करता म्हणाल्या, “काय बाई, एकदाचं जमलं म्हणायचं बिचाऱ्याचं.” चिसातोला लगेच समजलं नाही आणि मग समजलं. आदल्या हिवाळ्यात मोमोसेने तिला सोबा नूडल्स खायला येता का म्हणून विचारलं होतं. लॅबच्या दारात उभा राहून, नमुन्याची पिशवी छातीशी धरून, तीनदा वाकून. वाक्य संपलंच नव्हतं. ती नको म्हणाली, तेही बऱ्यापैकी नीट. पण दुपारच्या जेवणाला तिने ते सगळं करून दाखवलं. पिशवी म्हणून डबा छातीशी धरला, तीनदा वाकली, वाक्य गिळलं. तिला नकला बऱ्या येतात हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं. कामिजोसान हसता हसता ठसकल्या होत्या. आणि दवाखान्यात त्या ‘जमलं बिचाऱ्याचं’ म्हणाल्या तेव्हा चिसातो हसली. मोठ्याने नाही, पण हसली. हसल्यावर छातीत कळ आली, कारण डाव्या बाजूच्या दोन बरगड्या मोडलेल्या होत्या. डॉक्टरांनी आदल्याच दिवशी सांगितलं होतं की नीट दाबलं की त्या मोडतात, ज्याने दाबलं त्याने हात आखडला नाही. त्या हसण्याचा आवाज तिच्या कानात अजून आहे. इतर कुठलाही आवाज इतका स्पष्ट नाही.

तिचे कपडे दवाखान्याने पारदर्शक पिशवीत घालून परत दिले होते. आईने पिशवी उजेडात धरली, आतली ब्रेसियर पाहिली, आणि काही वेळाने म्हणाली, अगं, निदान नवी तरी घालायचीस. ती जुनीच होती, धुऊन धुऊन रंग गेलेली, काखेत पिवळसर झालेली. खालची तार एका बाजूने कापडातून बाहेर यायला लागली होती. मधोमध एकच काप होता, सरळ, कडा न विसकटलेल्या. चिसातोने तो काप बोटाने तपासला होता. नंतर रात्री पडल्या पडल्या तिला आपण मेलो होतो याची भीती वाटायला हवी होती. पण तिला राहून राहून आठवत होता तो काखेतला पिवळा डाग. तो त्याने पाहिला असणार. मरताना माणसाला याची लाज वाटते का, असा एक प्रश्न तिने स्वतःला विचारला, आणि मरून परत आल्यावर वाटते एवढं उत्तर तिच्याजवळ होतं.

बरं होऊन आल्यावर भेट द्यायची असते. ज्यांनी आजारपणात पैशांचं पाकीट पाठवलं त्यांना, आणि वापरून संपणारी वस्तू, म्हणजे दुखणंही त्याबरोबर संपतं. आईने सगळी पाकिटं समोर मांडून नावं काढली आणि कपडे धुण्याच्या पावडरीचे खोके मागवले, वर लाल-पांढऱ्या दोऱ्याची गाठ छापलेला भेटीचा कागद. पाकिटं गोळा करायचं काम कामिजोसाननी केलं होतं, आणि त्या मोमोसेच्या टेबलाकडे गेल्याच नव्हत्या. त्याने आधीच इतकं केलंय, त्याच्याकडे आणखी कसं मागायचं, हा विचार तर चांगलाच होता. त्यामुळे त्याचं पाकीट नव्हतं, पाकीट नाही म्हणून नाव नव्हतं, आणि नाव नाही म्हणून खोका नव्हता. आईने विचारलं नाही, चिसातोने मोजलं नाही. कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी ती पिशवी घेऊन टेबलामागून टेबल जात राहिली. दोन्ही हातांनी खोका पुढे करायचा, वाकायचं, तेच वाक्य म्हणायचं. मोमोसेच्या टेबलापाशी आली तेव्हा तो उठून उभा राहिलेला होता. हात थोडेसे वर, तळवे वरच्या बाजूला. पिशवीत काही उरलं नव्हतं. तिने पिशवीत पाहिलं, त्यानेही पाहिलं. मग ती वाकली, अगदी खाली वाकली, आणि म्हणाली, “त्या वेळी आपल्याला फार त्रास दिला.” फोटोकॉपीच्या मशीनमध्ये कागद अडकवून ठेवला की जे म्हणतात तेच. तो म्हणाला, नाही नाही, उलट माझ्याकडूनच… आणि पुढचं गिळलं. त्याचे हात खाली कुठे ठेवावेत हे त्याला समजत नव्हतं. शेवटी त्याने ते टेबलावरच्या कॅलेंडरवर ठेवले.

दुसऱ्या दिवशी एक खोका आणून त्याच्यापुढे ठेवता आला असता. त्याच्या पुढच्या दिवशीही. पण वेगळा नेऊन दिला असता तर का वेगळा, हे आलं असतं. आणि त्याच्याशी बोलायचं म्हणजे त्याने काय काय पाहिलं ते दोघांच्या मधे आणून ठेवायचं. ती आज नको, उद्या करत राहिली. तेवढ्यात खात्यातल्या प्रत्येक टेबलावर एक खोका आणि त्याच्या टेबलावर नाही, हे सगळ्यांनी पाहिलं होतं आणि आपसात बोलून त्याचा अर्थ लावला होता: ओगिसोसान काही बोलत नाहीत, पण त्यांना आवडलेलं नाही. सगळंच कापायची काय गरज होती. सोब्याचं तुम्हाला माहीत नाही वाटतं? कुणी तिला येऊन विचारलं नाही, कारण विचारणं म्हणजे तिला लाजवणं. ओताकींनी मोमोसेला चहाला नेलं आणि ‘तसं काहीच नाही, पण…’ असं म्हणून अर्धा तास बोलले. त्यानंतर तो लॅबमध्ये यायचा बंद झाला. गिऱ्हाइकांनी परत केलेल्या बरण्या दाराबाहेर ठेवून, दार एकदा वाजवून निघून जायचा. आणि आता महिनाअखेर तो कानाझावाच्या कचेरीत चालला होता. बदली त्याने स्वतः मागितली, असं सगळे सांगत होते. ते खरंही होतं. खिडकीपाशी बसलेल्या त्याच्याकडे तिने या क्षणापर्यंत पाहिलं नव्हतं. तो आपल्या मोज्यांकडे पाहत होता.

आधी साध्या पुतळ्यांवर सराव झाला. प्रत्येक पुतळ्याला वायरने एक छोटा पडदा जोडलेला होता, दोन मिनिटं दाबलं की सरासरी खोलीचा आकडा त्यावर यायचा. किमान पाच सेंटिमीटर, आकाहानेबाई म्हणाल्या, त्याच्या आत दाबलंत तर ते कुरवाळणं झालं. आणि सहाच्या पुढे जाऊ नका. पॅकिंगमधला दांडगा निशिमाकी चार पूर्णांक दोनवर दमला आणि आडवा झाला, तेव्हा त्याचे साथीदार आता यालाच शॉक द्या म्हणाले. कामिजोसान चार पूर्णांक आठ. ओताकी टाय खांद्यावर टाकून, मोठ्याने मोजत, पाच पूर्णांक शून्य. मोमोसे पाचव्या पुतळ्यापाशी गुडघे टेकून बसला आणि खाली पाहत एका लयीत दाबत राहिला. त्याचे खांदे बरोबर हातांच्या वर होते, कोपर वाकत नव्हते. पाच पूर्णांक सहा. तुम्ही कुठे शिकलात, बाईंनी विचारलं. “ड्रायव्हिंगच्या शाळेत,” तो म्हणाला, “सगळ्यांनाच शिकवतात, तेवढंच…” बाई म्हणाल्या, सगळ्यांना शिकवतात हो, उरतं कुणाकुणाकडे. चिसातोला डाव्या बरगडीत काहीतरी जाणवलं. दुखणं नव्हतं. ती आकडा वाचत होती आणि तो आपल्या अंगात एकदा मोजून झाला आहे असं तिला वाटलं.

मग बाई मासाएकडे वळल्या. शॉकयंत्राच्या चिकट पट्ट्या थेट कातडीवर बसायला हव्यात, म्हणाल्या, एक उजव्या गळपट्टीखाली, एक डाव्या काखेखाली. सगळं उतरवायची गरज नसते. ब्रेसियरचा पट्टा सरकवून खालून लावली तरी भागतं, वरून काहीतरी पांघरलं तरी चालतं. हे ऐकून खोलीत एक हालचाल झाली. डोकी मोमोसेकडे वळली नाहीत, पण वळायच्या बेतात आली. निशिमाकी आडवा होता तो उठून बसला आणि भोळेपणाने म्हणाला, “म्हणजे कापायची वेळ अशी येतच नाही म्हणा की.” येते, बाई म्हणाल्या. घट्ट असली, तार मधे आली, सरकली नाही, तर कापायची. पण त्यांचं उत्तर खोलीत कुणी घेतलं नाही. पहिलं वाक्यच सगळ्यांजवळ राहिलं होतं. मागून कुणीतरी अगदी हळू म्हणालं की निदान सरकवून तरी बघायची. कामिजोसान आपल्या नखांकडे पाहू लागल्या. बाईंनी विचारलं, हिच्यावर कोण करून दाखवतं? पुरुषांपैकी एकही हात वर झाला नाही. मोमोसेची मान इतकी खाली गेली होती की मागचं मानेचं हाड दिसत होतं.

खुर्चीवर बसून हे थांबवता येत नाही, असं चिसातोला वाटलं. खुर्चीवरून बोललेलं सगळं दयेसारखं ऐकू आलं असतं. ती उठली. चपला काढल्या. ताडपत्री पायाला गार आणि चिकट लागली. ओताकी अर्धे उठून ‘अहो ओगिसोसान’ म्हणेपर्यंत ती मासाएच्या शेजारी गुडघे टेकून बसली होती आणि तिने कात्री उचलली होती. बाईंना तिने विचारलं, कापली तर चालेल का. बाईंनी तिच्याकडे एकदा नीट पाहिलं. त्यांना या कारखान्यात काय झालं ते माहीत होतं की त्या क्षणी कळलं, ते चिसातोला समजलं नाही. “कापा,” त्या म्हणाल्या, “शंभर येनच्या दुकानातली आहे, पिशवीत अजून आहेत.”

कात्री बोवर चालली नाही. पहिल्यांदा नुसती घसरली. दुसऱ्यांदा अर्धी कापली गेली आणि कडा विसकटली. तिच्या हाताखाली रबर होतं, उजेड भरपूर होता, घाई नव्हती, तरी तिला तीनदा प्रयत्न करावा लागला. गोलात, डगल्यांच्या आत, वाकलेल्या त्या माणसाच्या हातात जे होतं ते तिच्या हातात नव्हतं. तिचा चेहरा तापला होता, कानापर्यंत, मानेपर्यंत. तिने खाली पाहतच बोलायला सुरुवात केली.

“माझी सरकली नसती. जुनी होती, घट्ट होती, तार बाहेर आलेली होती. मोमोसेसाननी एकदाच कापली. दवाखान्याने मला परत दिली, मी पाहिलीय.” तिने श्वास घेतला. आवाज तिचा नसल्यासारखा येत होता, तरी येत होता. “मी त्यांना खोका दिला नाही, तो राग म्हणून नाही. आधी चुकून राहिला. मग मला लाज वाटली म्हणून राहू दिला. त्यांच्याबद्दल तुम्ही काय बोलता ते मला माहीत होतं. आणि ते हसणं मीच सुरू केलं होतं, सोब्याचं.”

खाली अंगणात मालाची गाडी मागे घेत होते, तिची शिट्टी वाजत राहिली आणि थांबली. चिसातोला वाटलं होतं की बोलून झाल्यावर काहीतरी हलकं होईल. तसं काही झालं नाही. उलट आता जणू अठरा माणसांना काखेतला तो डाग दिसत होता, जो आधी एकालाच दिसला होता. आणि त्या एकाने तर कुणाला सांगितलंही नव्हतं. कामिजोसानचे डोळे भरले होते, पण त्या वर पाहत नव्हत्या. ओताकी घसा खाकरून म्हणाले की बरं झालं सांगितलंत, आम्हीही, म्हणजे सगळ्यांनीच जरा. मग त्यांनी रुमाल काढला आणि घडी न मोडता परत ठेवला. मागून मोमोसेचा आवाज आला, नाही, उलट माझ्याकडूनच, आणि या वेळी त्याने वाक्य पुरं केलं: “माझ्याकडूनच तुम्हाला दुखापत झाली.”

ती वळली आणि जमिनीवर हात टेकून त्याच्यापुढे वाकली. कपाळ ताडपत्रीच्या इतकं जवळ होतं की रबराचा वास आला. आभार मानते, असं ती म्हणाली. इतक्या महिन्यांत म्हणायला हवा होता तो शब्द एवढाच होता. तोही वाकला, तिच्यापेक्षा खाली.

आकाहानेबाईंनी टाळी वाजवून, चला, वेळ चाललीय, म्हटलं. मासाएला नवी ब्रेसियर घातली, तिचा पडदा लावला, आणि आता प्रत्येकाने हिच्यावर एक फेरी करायची असं फर्मावलं. सरकवायचं, नाही सरकलं तर कापायचं, पट्ट्या लावायच्या, दाबायचं. ओताकी पहिले उठले. त्यांच्यामागून निशिमाकी. पहिल्या दोघांचे हात थोडे अडखळले, मग कुणाचे अडखळले नाहीत. बाई पिशवीतून एकेक काढून देत होत्या आणि कापलेल्यांचा ढीग शेजारी होत होता. ओताकी चार पूर्णांक नऊ. निशिमाकी या खेपेला पाच पूर्णांक एक, आणि कुणी थट्टा केली नाही. कामिजोसान पाच पूर्णांक शून्य. चिसातोनेही केलं, चार पूर्णांक सात. बाकीचे सगळे साडेचार आणि साडेपाचच्या मधे होते.

शेवटी मोमोसे आला. गुडघे टेकून बसला. पट्टा सरकवून पाहिला, सरकला नाही, कात्री घेतली आणि मधोमध कापलं, एकदाच. पट्ट्या लावल्या. मग मासाएच्या छातीवर हात ठेवले, त्या हातांकडे पाहिलं, आणि चिसातोकडे न पाहता दाबायला लागला. लय मघाच्या पाच पूर्णांक सहाच्या वेळी होती तशीच बरोबर होती. खांदे हातांच्या वर होते. कोपर वाकत नव्हते. सगळे त्याच्याकडे तोंड करून बसले होते, आणि चांगल्या मनाने पाहत होते. दोन मिनिटं झाली तेव्हा बाईंनी थांबा म्हटलं. त्याने हात उचलले. पडद्यावर आकडा आला.

सरासरी खोली तीन पूर्णांक एक सेंटिमीटर.